निधनवार्तेतून गळलेली सुवार्ता

संपादकांनी फोनवर विषय दिला तो असा: 'पत्रकारितेकडून पटकथेकडे, एक प्रवास'. मी म्हटलं, प्रवास असा फार झाला नाही. राहायला तेव्हाही केडगावात होतो, आताही केडगावातच आहे. तेव्हा मेलेल्या माणसांबद्दल चार ओळी लिहायचो, पुढं मालिकांमध्ये जिवंत माणसं मारायला लागलो. चार ओळींच्या जागी चार आठवडे लागतात, एवढीच प्रगती. संपादक म्हणाले, "वा, हेच लिहा. दिवाळीत लोकांना असं हलकंफुलकं हवं असतं."

म्हणून लिहितोय. मात्र आधीच सांगून ठेवतो, की या लेखातल्या शेवटच्या तीन-चार ओळीच कामाच्या आहेत. बाकीचा मजकूर त्या ओळी छापून याव्यात म्हणून लिहिलेला आहे. ऐन वेळी जाहिरात आली आणि जागा कमी पडली, तर संपादकांनी वरून कापावं. खालून कापलं तर कर्जत आणि खर्डा या दोन गावांत मला तोंड दाखवता येणार नाही.

बी.ए. झाल्यावर मी नगरच्या एका दैनिकात लागलो. (गावाचं नाव तेव्हा नगर होतं. दैनिक आता बंद पडलंय. त्याला मी जबाबदार नाही, असं तिथले बहुतेक जण म्हणतात.) मला भ्रष्टाचार बाहेर काढायचा होता. हातात दोन सदरं आली: 'निवड' आणि 'निधन वार्ता'.

ज्यांनी जिल्ह्याचं दैनिक आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अग्रलेख संपादकाच्या घरचेही वाचत नाहीत. निधनवार्ता मात्र तालुक्यातला प्रत्येक माणूस वाचतो, आणि बोट ठेवून वाचतो. कोण गेलं हे त्यात बघायचं नसतं, ते गावाला आधीच कळलेलं असतं. बघायची असते ती 'त्यांच्या पश्चात' या शब्दांनंतर येणारी यादी. पत्नी, मुले, सुना, मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे. त्या यादीत कोण आहे, कोण आधी आहे, कोण नाही, यावरून पुढची दहा वर्षं कुणाच्या लग्नाला कुणी जायचं ते ठरतं.

काम सोपं होतं. एसटीनं, टपालानं, कुणाच्या तरी हातानं चिठ्ठ्या यायच्या. चिठ्ठी वाचायची, चार ओळींत बसवायची आणि टेबलावर उभ्या केलेल्या एका लांब खिळ्यावर टोचून ठेवायची. 'निवड'चा शेवट ठरलेला: 'या निवडीबद्दल त्यांचे सर्व थरांतून अभिनंदन होत आहे.' निधनाचा शेवट ठरलेला: 'असा परिवार आहे.' मधली नावं बदलायची. माकडालाही जमेल, असं आमचे मुख्य उपसंपादक नाना म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून म्हणायचे.

तिसऱ्या महिन्यात मी दोन्ही शेवटांची अदलाबदल केली. श्रीगोंद्याकडच्या एका आजोबांचं वृद्धापकाळानं निधन झालं आणि त्याबद्दल त्यांचं सर्व थरांतून अभिनंदन झालं. त्याच दिवशी एका सोसायटीच्या उपाध्यक्षपदी निवडून आलेल्या गृहस्थांच्या पश्चात पत्नी, तीन मुले असा परिवार राहिला. आजोबांच्या घरून तक्रार आली नाही. सूनबाईंनी म्हणे कात्रण जपून ठेवलं. उपाध्यक्ष मात्र स्वतः आले, जिवंत असल्याचा पुरावा म्हणून सगळ्यांसमोर दोन कप चहा प्यायले आणि गेले. माझ्या मते ही एक चूक होती. नानांनी त्या दोन मोजल्या.

"काय हो पश्चातवाले," नाना म्हणाले. पुढं ऑफिसात माझं हेच नाव पडलं. "दोन झाल्या. तिसऱ्या चुकीला घरी."

याकोब मास्तरांची चिठ्ठी त्यानंतर पंधरा दिवसांनी आली. मास्तर कर्जतचे निवृत्त शिक्षक, ख्रिस्ती समाजातले, गावात मान असलेले. चिठ्ठी त्यांच्या मुलानं, शांतवननं, वहीच्या पानावर लिहिली होती, समास सोडून, जणू वडील तपासणार आहेत. शेवटची ओळ होती: 'मागे पत्नी, मुलगा, सून, सुवार्ता, दोन नातू असा परिवार आहे.'

मी लाल पेन घेऊन थांबलो.

सुवार्ता या शब्दाचा अर्थ मला माहीत होता, घोळ तिथंच झाला. नगरला वाढलेल्या माणसाला तो माहीत असतो. शाळेत माझ्या बाकावर ख्रिस्ती मित्र होता, त्यांच्या चर्चच्या भिंतीवर 'सुवार्ता सभा' असं रंगवलेलं मी येता-जाता वाचत असे. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, येशूची शिकवण, ती लोकांना सांगणं. हे ठाऊक नसतं तर मी तो शब्द तसाच जाऊ दिला असता. पण मी जाणकार होतो. मी मनाशी म्हटलं, मास्तर धर्मकार्य करत असणार आणि मुलानं भक्तिभावानं लिहिलंय की वडील मागे सुवार्ता ठेवून गेले. भावना चांगली आहे, पण परिवाराच्या यादीत, सून आणि नातू यांच्या मधे, धर्मकार्य कसं बसणार? मी तो शब्द खोडला, 'मागे'चं 'पश्चात' केलं आणि चिठ्ठी नानांना दाखवली.

"शाबास," नाना म्हणाले. "निधनवार्तेत सुवार्ता! लोकांनी इथं येऊन मारलं असतं."

सबंध नोकरीत नानांच्या तोंडून मिळालेलं ते एकमेव शाबास.

बातमी छापून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं जण जिना चढून आले. तिशीतला एक माणूस, नखांत ग्रीस बसलेला, आणि त्याच्या मागे चोविसेक वर्षांची मुलगी. माणसानं आमच्या पेपरची घडी टेबलावर ठेवली.

"हे मयताचं कोन लिवतं?"

"मी."

"मी शांतवन. याकोब मास्तरांचा मुलगा. आन् ही..."

"मी सुवार्ता," मुलगी म्हणाली.

एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला की माणसं शब्दकोश काढतात. माझा चुकलेला शब्द कर्जतहून एसटीनं येऊन समोर उभा होता. रडून डोळे सुजलेले होते.

"साहेब, हिला सांगा," शांतवन म्हणाला. "मी चिठ्ठीत हिचं नाव टाकलं हुतं का न्हाई?"

"टाकलंस! तेच तर म्हनते मी," सुवार्ता म्हणाली. "तूच म्हन्ला हुतास ना, या घरातनं तुझं नाव टाकलं म्हनून? टाकलंस. पेपरात छापून दाखवलंस."

आपल्याकडे नाव टाकणं म्हणजे लिहिणं, आणि टाकणं म्हणजे सोडून देणंही. भाऊ एक टाकणं बोलत होता, बहीण दुसरं ऐकत होती, आणि दोन्हीचा अर्थ सांगू शकणारा मी खुर्चीत बसलो होतो.

"आगं, ते रागात म्हन्लो. ह्यात लिवलं हुतं म्हन्तोय. साहेब, चिठ्ठी काढा. माज्या हातची हाय. दाखवा हिला."

चिठ्ठी माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर खिळ्याला टोचलेली होती. वरून आठवी की नववी असेल. पलीकडच्या टेबलावर नानांनी चष्मा कपाळावर चढवला होता. नाना चष्मा कपाळावर चढवत ते ऐकण्यासाठी.

"आम्ही दिलं तेच छापतो," मी म्हणालो.

"आन् चिठ्ठी?"

"चिठ्ठ्या त्याच दिवशी टाकून देतो."

शांतवन माझ्याकडे बघत राहिला. हा खोटं बोलतोय, असं त्याला वाटलंच नाही. आपणच लिहायला विसरलो की काय, असा विचार त्याच्या तोंडावर आला, आणि तो येताना मी पाहिला.

"झालं समाधान?" सुवार्ता त्याला म्हणाली. "उगं त्या पेपरवाल्यावर ढकलू नको. आईला सांग, मी खर्ड्याला चालले."

"सुवे, आगं ऐक तरी..."

ती जिना उतरून गेली. तिच्या मागं तो गेला. नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "टाकून देतो म्हणालास, बरं केलंस."

भांडण कशाचं होतं ते मला नंतर आमच्या कर्जतच्या वार्ताहराकडून कळलं. सुवार्ता नर्स झाली होती आणि तिला खर्ड्याच्या सिद्धार्थशी लग्न करायचं होतं. सिद्धार्थ बौद्ध घरातला, सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचा. शांतवनला ते मान्य नव्हतं. मास्तर अंथरुणाला खिळलेले असताना भावाबहिणीचं जुंपलं आणि तो म्हणाला, या घरातनं तुझं नाव टाकलं. पंधरा दिवसांनी मास्तर गेले. शांतवनचा राग त्यांच्याबरोबरच मातीत गेला असावा, कारण त्यानं चिठ्ठी लिहिली ती तशी. मग माझा पेपर आला. सुवार्तानं खर्ड्याला लग्न केलं आणि कर्जतच्या घराची पायरी पुन्हा चढली नाही.

त्या दुपारी ते दोघं गेल्यावर मी चिठ्ठी खिळ्यावरून काढली. फाडायला म्हणून काढली, आणि खिशात घातली. याला चांगुलपणा म्हणू नये. चांगुलपणा असता तर दुसऱ्या दिवशीची पहिली कर्जत एसटी पकडली असती. दैनिकात मी आणखी तीन वर्षं होतो. शेवटपर्यंत माझ्या नावावर दोनच चुका राहिल्या.

पटकथेत मी आलो तो भूगोलाच्या जोरावर. एका निर्मात्याला गावाकडची मालिका करायची होती आणि 'खरं गाव माहीत असलेला' माणूस हवा होता. केडगाव म्हणजे नगरचं उपनगर आहे, घरासमोरून पुण्याच्या गाड्या जातात, हे मी त्याला सांगितलं नाही.

हा धंदा असा चालतो. मालिकेची कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. कथाकार सांगतो, सासूला संशय येतो. संवादवाला तिच्या तोंडी शब्द घालतो. पटकथाकारानं सासूला दाराआड उभं करायचं. पंधरा वर्षं मी माणसांना दाराआड उभं करतोय. मालिकेतल्या घराला खिडक्या नसतात, दारं मात्र सात-आठ असतात आणि एकही नीट लागत नाही. त्याशिवाय वाहिनीची माणसं असतात. आमच्या मालिकेवर एक मॅडम होत्या. त्या प्रत्येक भागावर 'ग्रामीण फील कमी' असा शेरा मारायच्या. मग आम्ही जिथं 'आहे' असेल तिथं 'हाय' करायचो. मुंबईहून आलेल्या एका नटानं 'आई घरात हाय' हे वाक्य वाचलं आणि 'हाय' म्हणताना आईकडे बघून हात हलवला. तो शॉट मॅडमना आवडला.

मालिकेचं नाव सांगत नाही. लोक ती विसरू लागलेत, त्यात अडथळा नको. तर गेल्या वर्षी ती बंद पडायच्या बेतात आली आणि मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही पत्रकार होता ना? काहीतरी खरं आणा."

पत्रकारितेतून मी एकच वस्तू घरी आणली होती, कात्रणांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो उघडला. वर चिठ्ठीच होती.

मी लिहिलं ते असं. वडील वारतात. थोरला भाऊ, ट्रॅक्टरचं गॅरेज असलेला, वर्तमानपत्रात बातमी देताना बहिणीचं नाव मुद्दाम गाळतो. नायिका पेपरच्या ऑफिसात जाते. तिथं एक तरुण, सच्चा, गरीब पत्रकार आहे. तो खाली मान घालून म्हणतो, "ताई, आम्ही दिलं तेच छापतो," आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या पत्रकाराचं काम लोकांना फार आवडलं.

मालिका वर गेली. बायका भाजी निवडताना त्या भावाला शिव्या घालू लागल्या. माझी बायको मंगलही घालायची. ती मला लेखक म्हणून मानत नाही, पण त्या आठवड्यात तिनं दोनदा सांगितलं, "हे मात्र बरं लिहिलंय हं. असले भाऊ असतात मेले."

आणि एका रविवारी सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"वळखलं का?" शांतवननं विचारलं. केस पिकले होते, नखांतलं ग्रीस तेच होतं. मंगलनं चहा दिला आणि आत गेली.

"शिरेल तुमी लिवता म्हनं," तो म्हणाला. "लई चाललीय. गॅरेजात ट्रॅक्टर घिऊन येनारा हरेक गडी इचारतो, काय शांतवन, बहिनीचं नाव खोडलं व्हय? आदी चार घरांना ठावं हुतं. आता जिल्ह्याला झालं."

मी काहीतरी म्हणालो. काल्पनिक असतं वगैरे.

"मी भांडाय न्हाई आलो, साहेब. मी म्हन्लं, ह्या मानसाला येवढं बारीक आठवतंय, म्हंजी याच्याकडं चिठ्ठी आसंल. येकच सांगा. मी लिवलं हुतं का न्हाई?" त्यानं कप खाली ठेवला. "एकोनीस वर्सं मी म्हन्तोय, लिवलं हुतं, लिवलं हुतं. आता माजं मलाच कळंना. बाप मेलेला, डोकं तापलेलं. नसंल बी लिवलं."

मी रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"आई ब्याऐंशीची हाय. आदी एसटीनं जायाची लेकीकडं. कंबर मोडल्यापासनं दोन वर्सं खाटंवर हाय. म्हन्ती, ह्या नाताळाला तुमी दोगं माज्यासमोर येका जागी जेवा, मंग मी मोकळी. सुवीला फोन केला. ती म्हन्ली, चिठ्ठी दाखव, येते."

डबा पलीकडच्या खोलीत कपाटावर होता. मी म्हणालो, "शोधून बघतो."

"बघा. नसली तर नसली." तो उठला. चपला घालताना म्हणाला, "त्यो शिरेलमधला पत्रकार लई चांगला दावलाय."

तो गेला आणि मी वळलो, तर स्वयंपाकघराच्या दाराआड मंगल उभी. पंधरा वर्षं हेच लिहितोय आणि माझ्या स्वतःच्या घरालाही दार आहे, हे मला सुचलं नव्हतं.

"चिठ्ठी त्या डब्यात आहे ना?" ती म्हणाली. "काय लिहिलंय तिच्यात?"

सांगितलं. सगळंच सांगितलं. मंगलनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी वर्षभर त्या भावाला मेल्या म्हणतेय. मेला तर माझ्याच घरात निघाला. उद्याच्या उद्या खर्ड्याला जा."

मी गेलो नाही. मला त्याहून मोठी, म्हणजे त्याहून सोयीची कल्पना सुचली. बदनामी मालिकेत झाली, तर दुरुस्तीही मालिकेत व्हावी. मी मॅडमना फोन लावला.

"भाऊ निर्दोष निघतो," मी म्हणालो. "त्यानं नाव लिहिलं होतं. पत्रकारानं खोडलं."

"ओके, ट्विस्ट आहे! का खोडलं?"

"चुकून."

"चुकून म्हणजे?"

"त्याला वाटलं, ते नाव नाही, धर्मकार्य आहे."

मॅडमनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सर, असं कोण करतं? ऑडियन्सला पटणार नाही."

मालिकेत चूक चालत नाही, कट चालतो. आठ दिवसांत मॅडमनी स्वतःच तोडगा काढला: पत्रकार वहिनीला फितूर होता, वहिनीनं त्याच्याकडून नाव खोडून घेतलं. तसं दाखवलंही गेलं. आता गॅरेजात येणारे लोक शांतवनला काही विचारेनासे झाले. ते त्याच्या बायकोबद्दल विचारू लागले.

तो भाग संपला तेव्हा मंगलनं टीव्ही बंद केला, कपाटावरचा डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खर्ड्याच्या गाडीत होतो.

दवाखान्यात बाह्यरुग्णांची रांग होती. सुवार्ता टेबलाशी बसून रक्तदाब तपासत होती. पाटीवर नाव बघितलं नसतं तरी ओळखली असती, बघणं तेच होतं. मला ओळखलं नाही.

"केसपेपर काढला का?"

"नाही, मी जरा..."

"बसा. हात द्या." तिनं पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला. "लई वाढलंय की, काका. कशाचं टेन्शन घेता?"

मी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

तिनं आधी अक्षर बघितलं. मग वाचली. मग शेवटची ओळ हळू आवाजात, बोट ठेवून वाचली. "पत्नी. मुलगा. सून. सुवार्ता. दोन नातू." 'सुवार्ता'वर एकोणीस वर्षांपूर्वीची लाल रेघ होती. शाई चांगली होती त्या काळी.

"दादानं सगळ्यांची नाती लिवली," ती म्हणाली. "आईचं नाव न्हाई. स्वतःचं न्हाई. पोरांची न्हाईत. नाव येकटीचंच लिवलं, माझं."

"हो."

"आन् तुमी तेवढंच खोडलं."

"हो."

"का वो?"

"मला वाटलं, धर्मकार्य."

ती एकदम हसायला लागली. रांगेतल्या दोन म्हाताऱ्या वाकून बघायला लागल्या. हसता हसता तिनं चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले आणि पुसतच राहिली. रांग थांबून होती. कुणी कुरकूर केली नाही.

"शिरेल बी तुमचंच का?" तिनं चष्मा लावला.

"हो."

"जेवताना लावायची मी. त्या भावाला रोज शिव्या घालायची, आन् पोरीला सांगायची, तुझा मामा असाच हाय." तिनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. "आता आदी कर्जतला जा. त्याला सांगा, तू लिवलं हुतंस. तो सोताला इचारून इचारून दमला आसंल."

"आणि तुम्ही? नाताळला..."

"जाईन की. पन रिकाम्या हातानं कशी जाऊ? तुमच्या हापिसात, दहा मानसांसमोर त्याला खोटा पाडला मी. पेपरात आलं हुतं ना? मंग पेपरातच येऊ द्या. ते घिऊन जाते."

"तो पेपर बंद पडलाय."

"मंग दुसरीकडं छापा. नाताळाच्या आदी. आन् त्यात ते 'अनवधानाने' लिवू नका. तुमी पेपरवाले तसंच लिवता. खोडलं म्हना." तिनं रांगेकडे बघितलं. "पुढचं कोन? आन् काका, मीठ कमी करा."

परतीच्या वाटेवर कर्जतला उतरलो. शांतवन ट्रॅक्टरखाली होता. पाय बाहेर होते. मी पायांना सांगितलं, "तुम्ही लिहिलं होतं."

तो सरकत बाहेर आला. "लिवलं हुतं?"

"हो. मी खोडलं."

"सुवार्ता म्हनून लिवलं हुतं?"

"हो."

तो तिथंच जमिनीवर, टायरला टेकून बसला. "म्हंजी मी याडा न्हाई," तो म्हणाला. मग विचारलं, "मंग त्या दिवशी तुमी तसं का म्हन्ला?"

"नोकरी गेली असती."

"बरी हुती का नोकरी?"

मी विचार केला. "नव्हती."

त्यानं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि चहाही विचारला नाही. बरोबर होतं.

या अंकाच्या संपादकांचा फोन त्याच आठवड्यात आला. दुरुस्तीचा मजकूर मी दोघांनाही फोनवर वाचून दाखवला. सुवार्ता म्हणाली, ठीक हाय. शांतवन म्हणाला, "आडनाव नका घालू, कर्जतला याकोब मास्तर येकच. आन् त्यात जावई घाला."

"तेव्हा लग्न झालं नव्हतं," मी म्हणालो. "मास्तर गेले तेव्हा जावई नव्हता."

"आता हाय ना? दुरुस्ती करायची तर नीट करा. तिची पोरगी बी हाय. म्या आजून पाह्यली न्हाई. तिलाबी घाला."

मी उपसंपादक होतो, मला कळतं. मास्तरांच्या निधनसमयी जावई नव्हता, नातही नव्हती. खाली जे छापलंय ते वस्तुस्थितीला धरून नाही. म्हणजे ही चूक आहे, आणि मी ती जाणूनबुजून करतोय. तिसऱ्या चुकीला घरी, असा नानांचा नियम होता. असू दे. जाऊ दे कुणाला तरी घरी.

दुरुस्ती: कर्जत येथील निवृत्त शिक्षक याकोब मास्तर यांच्या निधनवार्तेतील एक नाव आम्ही खोडले होते. ते त्यांच्या मुलाने चिठ्ठीत स्वतःच्या हाताने लिहिले होते. वार्ता अशी वाचावी: मास्तरांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, सुवार्ता, जावई, दोन नातू, एक नात असा परिवार आहे.